दुर्बिणीचे शेवटचे भिंग

द्विनेत्री दुर्बिणीच्या अंगावर दोन आकडे कोरलेले असतात. ८ × ४२ असे लिहिले असेल तर पहिला आकडा विवर्धनाचा, म्हणजे पक्षी आठपट जवळ आल्यासारखा दिसेल. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. माहितीपत्रके या दोन आकड्यांतून आणखी आकडे काढतात. त्यांतला एक मोठ्या मानाचा आहे, संधिप्रकाशांक. दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याचे वर्गमूळ घ्यायचे. ८ × ५६ चा संधिप्रकाशांक २१.२ येतो. पहाटे आणि सांजवेळी मचाणावर बसणाऱ्या जर्मन शिकाऱ्यांची ही आवडती दुर्बीण. आता २५ × २० अशी एक खेळण्यातली दुर्बीण घ्या. तिचा अंक येतो २२.४. आकड्यावर भिस्त ठेवायची तर अंधार पडताना हे खेळणेच सरस ठरते! प्रत्यक्षात तिच्या नेत्रिकेतून बाहेर येणारी प्रकाशाची चकती अवघी ०.८ मिलिमीटरची असते, आणि दिवेलागणीला तिच्यातून झुडूप कोणते आणि जनावर कोणते हेही कळायचे नाही.

असली उदाहरणे पुढे करून ‘आकडे ठेवा बाजूला, डोळ्यांनी बघा’ असे म्हणणारा एक पक्ष पक्षिनिरीक्षकांत आणि हौशी आकाशनिरीक्षकांत कायम असतो. दुसरा पक्ष म्हणतो, डोळा लाच खातो. लाखभर रुपये मोजलेल्या माणसाला आपल्या दुर्बिणीतला कावळासुद्धा मोरासारखा दिसतो. तेव्हा प्रयोगशाळेतला आलेख दाखवा. दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत आणि दोन्हींकडे अहंकारही आहे. मला मात्र या वादाची मांडणीच चुकलेली वाटते.

कारण साधे आहे. कॅमेऱ्याचे भिंग पडद्यावर प्रतिमा उमटवते. ती मोजता येते, तिला पाहणाऱ्याची गरज नसते. दुर्बीण तसे काही करत नाही. दूरच्या वस्तूकडून आलेले समांतर किरण ती पुन्हा समांतरच बाहेर सोडते, फक्त त्यांचे कोन वाढवून. प्रतिमा तयार होते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यातल्या भिंगामुळे, त्याच्याच नेत्रपटलावर. म्हणजे दुर्बिणीचे शेवटचे भिंग कारखान्यात तयार होत नाही. मोजणारे यंत्रही नेत्रिकेमागे कसला ना कसला कृत्रिम डोळा ठेवूनच मोजते. तेव्हा ‘यंत्र की डोळा’ हा प्रश्न नसून कोणाचा डोळा, किती वाजताचा डोळा, हा प्रश्न आहे. आकडेवाले हा डोळा गृहीत धरतात आणि सांगत नाहीत. अनुभववाले स्वतःचा डोळा हाच जगाचा डोळा मानतात.

उजेडाचेच घेऊ. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर साधारण ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे दहाबारा पृष्ठभाग सहज असतात, त्यामुळे जुन्या दुर्बिणीत एकतृतीयांशाहून अधिक प्रकाश वाटेतच संपे. १९३५ साली त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन घटवणारा पातळ लेप शोधला आणि चित्र पालटले. आज चांगल्या दुर्बिणीतून ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार जातो. आता भांडण उरले आहे ते ८८ की ९२, एवढ्यावर. या चार टक्क्यांसाठी ग्राहक कधी कधी दुप्पट पैसे मोजतो.

डोळ्याला हा फरक किती? याचे उत्तर देण्याचे साधन खगोलशास्त्रात फार पूर्वीपासून आहे. ताऱ्यांच्या प्रतींची आजची मोजपट्टी नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ साली सुचवली. हेच पॉग्सन पुढे १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होते. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभरपट फरक, असे ते प्रमाण आहे. त्या पट्टीवर ८८ आणि ९२ यांतले अंतर ०.०५ प्रतीहूनही किंचित कमी भरते. वर्षानुवर्षे बदलत्या ताऱ्यांची तेजस्विता डोळ्यांनी अजमावणारा कसलेला निरीक्षकही ०.१ प्रतीच्या खाली जाण्याची हमी देत नाही. प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन उजळ पट्ट्यांतला एकदोन टक्क्यांचा फरक डोळा ओळखतो, हे खरे. पण एक दुर्बीण खाली ठेवून दुसरी उचलेपर्यंत ढग सरकतो, बाहुली आकार बदलते आणि आठवण रंग भरू लागते.

बाहुलीचा हिशेब तर याहून मोठा आहे. भर दुपारी ती आकसून अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. ८ × ४२ दुर्बिणीतून बाहेर पडणारी प्रकाशाची चकती ५.२५ मिलिमीटरची असते. त्यातला मधला अडीच मिलिमीटरचा भाग डोळ्यात शिरतो, बाकीचा बुबुळावर पडून फुकट जातो. म्हणजे त्या वेळी तुम्ही पुढच्या भिंगाचे फक्त मधले २० मिलिमीटर वापरत असता. यंत्राने ४२ मिलिमीटर मोजले. तुमच्या नशिबी वीसच आले. खिशात मावणारी ८ × २५ सुद्धा त्या प्रहरी तेवढाच उजेड देते. दुकानदार दुपारी बारा वाजता समोरच्या रस्त्यावरची पाटी दाखवतो आणि ‘बघा किती ब्राइट आहे’ म्हणतो, तेव्हा मोठ्या भिंगाच्या बाजूने तिथे कसलीच परीक्षा झालेली नसते.

अंधारात उलटे होते. विशीतल्या माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांची सरासरी पाचच्या आसपास थांबते. ८ × ५६ ची सात मिलिमीटरची चकती त्या तरुणाला पूर्ण मिळते, मला तिचा निम्माच प्रकाश मिळतो; म्हणजे सुमारे पाऊण प्रतीचा फरक. लेपातल्या चार टक्क्यांच्या भांडणापेक्षा हा फरक पंधरापट मोठा आहे, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. असू शकतही नाही. शिवाय मंद उजेडात डोळ्याची संवेदनशीलता निळ्या-हिरव्याकडे सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने हे टिपले होते, फुलांचे लाल रंग पहाटे काळे दिसतात या साध्या निरीक्षणातून. दिवसा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास असलेला शिखरबिंदू अंधारात ५०७ च्या आसपास येतो. म्हणून ‘९२ टक्के’ हा एकच आकडा छापणे अपुरे आहे. कोणत्या रंगाचे ९२ टक्के? चंद्रप्रकाशात रातवा शोधणाऱ्याला पिवळ्या-हिरव्यातले ९२ टक्के फारसे उपयोगाचे नाहीत.

इथे संधिप्रकाशांकाविषयी आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हा अंक जिथे रूढ झाला त्या जर्मनीत सूर्यास्तानंतरचा कामापुरता उजेड अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळतो. आपल्या अक्षांशावर तो २२ ते २४ मिनिटांत आटोपतो. तिथल्या शिकाऱ्याची गरज घेऊन बनलेले माप आपल्याकडचा पक्षिनिरीक्षक विचार न करता खरेदीची कसोटी म्हणून वापरतो, आणि एक किलोहून जास्त वजन दिवसभर गळ्यात वागवतो.

हे ऐकून अनुभववाल्यांना आनंद होईल. त्यांनी जरा थांबावे. पाहणाऱ्याचा फरक असतो, एवढ्यावरून ‘ज्याचे त्याचे मत’ असा निष्कर्ष निघत नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ साली नेव्हिल मॅस्केलाइन यांनी आपला सहायक डेव्हिड किनेब्रुक याला कामावरून काढले. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा जातो त्या क्षणाची किनेब्रुकची नोंद मॅस्केलाइन यांच्या नोंदीपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडत होती. पुढे क्योनिग्सबर्गच्या बेसेल यांनी हे प्रकरण वाचले आणि निरीक्षकांची तुलना करून पाहिली, तर निष्णात निरीक्षकांमध्येही असे अंतर निघाले. त्यांच्यात आणि आर्गेलांडर यांच्यात तर एका सेकंदाहून अधिक. बेसेल यांनी त्यावर ‘माणूस अविश्वसनीय, सोडून द्या’ असे म्हटले नाही, आणि ‘दोघांचेही खरे’ असेही म्हटले नाही. त्यांनी माणसामाणसांतला फरकच मोजायला घेतला. त्यालाच पुढे वैयक्तिक समीकरण हे नाव पडले. दुर्बिणींची परीक्षणे लिहिणारे बहुतेक जण अजून मॅस्केलाइनच्या टप्प्यावर आहेत: आपल्याशी न जुळणारा तो चुकला.

डोळ्याने यंत्राला शहाणे केले असा एक प्रसंगही या विषयाच्या इतिहासात आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादात तोच सर्वांत बोलका आहे. भिंगामुळे सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या तर तो दोष, असे प्रकाशशास्त्र सांगते. त्या हिशेबाने रेषा अगदी सरळ ठेवणारी दुर्बीण निर्दोष. तशा दुर्बिणी झाल्या. कागदावर विकृती शून्य. पण अशी दुर्बीण डोळ्याला लावून क्षितिजावरून सावकाश फिरवली की समोरचा देखावा एखाद्या मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर चिकटवल्यासारखा घरंगळू लागतो. काहींना त्याने मळमळते. मी याला गोलाभास म्हणतो. कारण भूमितीत आहे. रेषा सरळ ठेवायच्या तर कडेकडे कोन कमी वाढवावे लागतात. त्यामुळे मध्यापासून ३० अंशांवर दिसणारी वस्तू फिरवताना मध्यातल्या वस्तूच्या पाऊणपटच वेगाने सरकते. मधोमध जलद आणि कडेला संथ, अशी हालचाल आपण फिरत्या गोलावर पाहिलेली असते. मेंदू ओळखीचा अर्थ लावतो.

हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच मुद्दाम कडेला ताणलेला एक बुद्धिबळाचा पट दाखवला होता; ठरावीक अंतरावरून एका डोळ्याने मध्यावर नजर रोखली की तो सरळ चौकटींचा वाटतो. म्हणजे आपली नजर स्वतःच थोडी वाकवणारी आहे. स्लेव्होग्ट यांनी १९४६ साली हा धागा दुर्बिणीपर्यंत आणला आणि डोळ्याने वापरायच्या उपकरणांसाठी ‘विकृती’ या शब्दाची व्याख्याच वेगळी हवी, असे मांडले. त्याच दशकाच्या अखेरीस त्साइसने दुर्बिणींत जाणूनबुजून थोडी विकृती घालायला सुरुवात केली. मोजपट्टीवर दोष, डोळ्याला आराम. होल्गर मेर्लिट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने २०१० साली हे गणित पुन्हा मांडले, आणि नजरेचे हे वाकणे माणसागणिक कमीजास्त असते हेही त्यात धरले. म्हणून एकाच दुर्बिणीने एकाला गरगरते आणि शेजारच्याला काहीच होत नाही. दोघेही खोटे बोलत नसतात. किती विकृती असावी याचे एकच बरोबर उत्तर मिळत नाही, पण तो प्रश्न आकड्यांत विचारता येतो. पहिली तक्रार मात्र डोळ्यानेच केली होती.

तरीही काही बाबतींत डोळ्याचा कौल मी मुळीच मानणार नाही. दुर्बिणीच्या दोन नळ्यांचे अक्ष समांतर आहेत की नाहीत, हे त्यांतले पहिले. थोडा बिघाड असला तरी डोळ्यांचे स्नायू ओढाताण करून दोन चित्रे एकत्र आणतात, आणि दुकानातल्या पाच मिनिटांत सगळे ठीक वाटते. आत वळणे डोळ्यांना सोपे, कारण वाचताना ते रोजच करतात. एक डोळा वर आणि एक खाली हे त्यांना जवळपास जमतच नाही. अर्ध्या तासाने कपाळ ठणकू लागते, आणि माणूस उन्हाला दोष देतो. इथे यंत्र एका मिनिटात सांगते ते डोळा सहल संपल्यावर सांगतो. रंगछटेचेही तसेच. पिवळसर झाक असलेल्या दुर्बिणीतून थोडा वेळ पाहत राहिले की मेंदू ती झाक वजा करतो आणि बगळा पुन्हा पांढरा होतो. ‘रंग अगदी नैसर्गिक’ हे वाक्य दहाव्या मिनिटाला लिहिले असेल तर त्याला काही किंमत नाही.

आणि झाकून परीक्षा घ्यावी म्हटले तर तीही सोपी नाही. गवयाला पडद्याआड बसवता येते. दुर्बीण हातात आली की वजन, रबराचा स्पर्श, चाकाची फिरत हे सगळे तिचे नाव सांगून टाकतात. तिवईवर बसवून कापड गुंडाळावे, चाकाला दुसऱ्याने हात लावावा, असे केले तर थोडेफार साधते. पण मग हातातला थरथराट गेला, आणि प्रत्यक्ष वापरात बारकावे हरवतात ते मुख्यतः त्या थरथरीने. बारा पट विवर्धनाची दुर्बीण तिवईवर आठ पटीच्या दुर्बिणीला सहज हरवते. हातात धरल्यावर तसे होईलच असे नाही.

आपल्या काव्यशास्त्राने काव्याच्या प्रतीतीसाठी सहृदय वाचक आवश्यक मानला, पण कोणालाही सहृदय म्हटले नाही. त्याची पात्रता सांगितली. दुर्बिणीच्या परीक्षकाकडून मी एवढीच अपेक्षा करतो. वय सांगावे, चष्मा असेल तर सांगावा, किती वाजता आणि कोणत्या उजेडात पाहिले ते सांगावे, सलग किती वेळ पाहिले तेही. यातली एकही गोष्ट ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. आयएसओची १४१३३ आणि १४४९० ही मानके दुर्बिणीचे काय आणि कसे मोजायचे ते सांगतात; पाहणाऱ्याचे वय त्यांत लिहून द्यायचे काम आपले आहे.

एक प्रयोग तर आपल्याकडे रोज होत असतो आणि वाया जातो. वयाबरोबर डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळे पडत जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका वेळी एकाच डोळ्याची करतात, आणि मधल्या काही आठवड्यांत त्या माणसाचा एक डोळा नव्या कृत्रिम भिंगाचा आणि दुसरा जुन्याचा असतो. अशी माणसे आळीपाळीने डोळे झाकून सांगतात की इकडची भिंत पांढरी आहे, तिकडची मळकी पिवळी. मेंदू तोच, भिंत तीच. बरे झाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने अशा पक्षिनिरीक्षकांच्या हाती एकच दुर्बीण द्यावी, सकाळी दहा वाजता आणि मग सूर्यास्तानंतर पंधराव्या मिनिटाला, आणि प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे काय दिसते ते लिहून घ्यावे. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख येण्याआधी.