'उद्योजक' आणि 'लाभार्थी' : खानदेशातील कृषिउद्योगाच्या शासकीय परिभाषेविषयी

प्रस्तुत टिपणात खानदेशातील तरुण शेतकऱ्यांना प्रक्रियाउद्योगासाठी मिळणाऱ्या शासकीय साहाय्याचा विचार करावयाचा आहे; मात्र तो अर्थशास्त्राच्या अंगाने नव्हे, भाषेच्या अंगाने. साहाय्य ज्या शब्दांतून पोहोचते त्या शब्दांचा अर्थ घेणाऱ्यास नीट कळला नाही, तर साहाय्याचेच ओझे होऊ शकते, हा येथील मुद्दा आहे.

केंद्र शासनाने २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना सुरू केली. 'एक जिल्हा एक उत्पादन' या तत्त्वानुसार तीत जळगाव जिल्ह्यासाठी केळीची निवड झाली, आणि ती यथायोग्यच होती. रावेर व यावल हे तालुके केळीसाठी सर्वश्रुत आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. केळी हा नाशवंत माल. घड उतरविल्यावर भाव पडला तरी तो विकावाच लागतो. अशा पिकाचे वेफर किंवा पीठ गावातच तयार व्हावे, हे हिताचे आहे यात शंका नाही. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, ही मदतही लहान म्हणता येणार नाही.

परंतु या मदतीस 'अनुदान' असे नाव आहे, आणि अडचण तेथून सुरू होते. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरत नाही, रूढीवरून ठरतो, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, 'दान' हे पद ज्याच्या पोटात आहे तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात हाती पडणाऱ्या पैशाचेच चित्र उभे करतो. प्रत्यक्षातील रचना निराळी आहे. समजा, एखाद्या तरुणाचा प्रकल्प २० लाखांचा आहे. त्याने १० टक्के, म्हणजे २ लाख, स्वतःचे घालावयाचे. उरलेले १८ लाख बँकेचे कर्ज. अनुदानाचे ७ लाख त्याच्या हाती येत नाहीत. ते बँकेत त्याच्या नावे निराळे ठेवले जातात आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षांनी, कर्जखाते नियमित व उद्योग चालू असेल तरच, कर्जात वळते होतात. अनुदान घेऊन उद्योग गुंडाळणाऱ्यांना आळा बसावा, हा या व्यवस्थेचा हेतू रास्तच आहे. दोष व्यवस्थेचा नसून नावाचा आहे : ज्यास आरंभी कर्ज म्हणावयास हवे, त्याची ओळख अनुदान म्हणून करून दिली जाते.

दुसरा शब्द 'लाभार्थी'. योजनेच्या नावात उद्योग असतो. पण अर्ज करणारा माणूस कागदावर 'लाभार्थी' होतो. 'उद्योजक' हा स्वतः कर्ता. 'लाभार्थी' हा लाभाची अपेक्षा करणारा. जो आपली जमीन, बचत आणि उमेदीची वर्षे पणास लावतो, त्यास हा दुसरा शब्द लावणे म्हणजे जोखीम कोणाची आहे हे झाकून ठेवणे होय. 'देय राहील', 'अनुज्ञेय असेल' या कर्त्यावाचूनच्या क्रियापदांनी हा पडदा अधिकच दाट होतो. पैसे कोण देणार आणि नकार कोण देऊ शकेल, हे त्यांतून उमगत नाही. कर्जमंजुरीचा निर्णय बँकेचा, हे पुष्कळदा अर्ज गेल्यानंतर ध्यानात येते.

खानदेशात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. धुळे जिल्ह्यात व जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी, तर रावेर-यावलकडे लेवा बोली घरोघर चालते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा समावेश १९०७ च्या खंडात भिल्ली भाषांबरोबर झाला, हे अभ्यासकांस ठाऊकच आहे. या प्रदेशातील तरुणास प्रमाण मराठी शाळेमुळे परिचित असते. पण १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या काळापासून घडत आलेली प्रशासनिक परिभाषा ही त्याच्या दृष्टीने तिसरीच भाषा ठरते. तिचा अर्थ लावण्यासाठी मध्यस्थ गाठावा लागतो, आणि मध्यस्थ सहसा अनुदानाची रक्कम आधी सांगतो, कर्जाची मागाहून.

म्हणून परिभाषा टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. कायद्यास ती लागतेच. मात्र प्रत्येक अर्जाच्या पहिल्या पानावर चार साधी वाक्ये असावीत : तुमच्या नावावर कर्ज किती, दरमहा हप्ता किती, मदत केव्हा वळती होणार, आणि उद्योग मध्येच बंद पडल्यास काय. हीच वाक्ये अहिराणीत व लेवा बोलीतही छापावीत. एवढे वाचून जो मागे फिरेल, त्याचे घर वाचेल; आणि जो पुढे येईल, त्यास उद्योजक हे नाव खऱ्या अर्थाने शोभेल.