लक्ष्मीबाईंचे टिळक

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मेहुण्यांच्या महिन्याच्या मिस्सासाठी त्यांच्या आयुष्याची ओळख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दारूत गेलेली त्यांची वर्षे मी गाळली व उरलेले सुबक लिहिले. मिस्सानंतर त्यांची लेक म्हणाली, “मामा, बाबा सावरले, ते यात कुठेच नाही.” तिच्या त्या वाक्यामुळेच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा वाचावयास घेतली.

१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाकडे आपण धर्मांतराची कथा म्हणून, एका असामान्य स्त्रीचे आत्मचरित्र म्हणून, नाहीतर घरगुती मराठीचा नमुना म्हणून पाहत आलो आहोत. तथापि तो एका पत्नीने लिहिलेला पतीचा स्मृतिलेखही आहे, आणि या प्रकारात त्याच्या तोडीचे लेखन मराठीत क्वचितच आढळेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) भक्तांना परिचित आहेत ते भजनांचे कर्ते व फुलामुलांचे कवी म्हणून. लक्ष्मीबाईंचे टिळक शीघ्रकोपी आहेत, लहरी आहेत. हाती आलेला पैसा ते दुसऱ्याला देऊन टाकतात, एका नोकरीत फार काळ रमत नाहीत आणि मनात येईल तेव्हा घर सोडून निघतात. आईचा अकाली मृत्यू व वडिलांचा कठोर स्वभाव यांचा उल्लेख लेखिका करते, पण त्यावरून सूट मागत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा स्नानसंस्कार झाला. मागे राहिलेल्या पत्नीला, पदरात लहानगा दत्तू घेऊन, आप्तांच्या आधाराने दिवस काढावे लागले.

एरवी लक्ष्मीबाईंची रीत विनोदाची आहे. टिळकांचा संताप भडकतो, पाठोपाठ तितक्याच वेगाने पश्चात्ताप येतो, आणि वाचकाला हसू आवरत नाही. मला मात्र काही ठिकाणी हे हसू फार लवकर आल्यासारखे वाटते. त्या तरुण पत्नीला त्या क्षणी काय वाटले असेल, हे विचारण्याची सवड आपल्याला मिळत नाही. पण ताटातुटीच्या प्रकरणांत विनोद मागे सरतो व वाक्ये आखूड होतात. या बाईने काहीही लपवलेले नाही, हे तेथे कळते. तिने फक्त कोठे हसायचे व कोठे नाही, हे ठरवले आहे.

धर्मांतराने टिळकांचा स्वभाव बदलला असे ती कोठेही म्हणत नाही, आणि पुस्तकाचा खरेपणा मला येथेच दिसतो. आपल्याकडील साक्षींमध्ये माणूस एका रात्रीत नवा होतो. येथे राग तोच राहतो, औदार्यही तेच राहते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन करणारे टिळक घर सोडून निघणाऱ्या जुन्या टिळकांचेच सोयरे आहेत. बदल झाला तो अन्यत्र. एके काळी पत्नीला न विचारता निघून जाणारा हा मनुष्य आता तिच्यासाठी थांबायला शिकला. नगरला ती आली ती आपले सोवळे सोबत घेऊनच, आणि टिळकांनी त्याला हात लावला नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे तिला पुढे महाबळेश्वरी स्वतःच्या विचाराने उमगले. १९०० मध्ये तिने स्नानसंस्कार घेतला, तोही स्वतःच्या निर्णयाने. उतावळ्या माणसाने धरलेला हा धीर लक्ष्मीबाईंनी कौतुकाचा एक शब्दही न खर्चता नोंदवला आहे.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे तिनेच चालवले. त्या महाकाव्याविषयी आदर बाळगूनही मला वाटते की तिचे मोठे काम हे गद्यच होय. ग्रंथभर ती पतीला ‘टिळक’ असेच संबोधते, आदरार्थी बहुवचनात. ज्या पानावर त्यांचा अविचार सांगायचा असतो, त्या पानावरही ते बहुवचन ढळत नाही.

मेहुण्यांची ओळख मी पुन्हा लिहून काढली आहे. या वेळी ती वाचायला प्रथम भाचीकडे दिली.