चुंबनांचा हिशेब आणि शब्दांचा अविश्वास

१९६१च्या सान रेमो गीतमहोत्सवात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले ‘वेंतिक्वात्रोमीला बाची’ म्हणजे ‘चोवीस हजार चुंबने’ हे गीत अमेरिकन रॉक अँड रोलची इटालियन नक्कल ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. ताल उसना आहे हे उघडच. प्रश्न आहे तो उसन्या तालाखाली भाषेचे काय होते, हा. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतो आणि आघात उपान्त्य अवयवावर पडतो. रॉकच्या ठेक्याला मात्र ओळीच्या टोकाशी ठोका हवा असतो. पिएरो विवारेल्ली आणि लुचो फुल्ची (हेच पुढे भयपटांचे दिग्दर्शक म्हणून गाजले) या गीतकारांनी लांब, वाहत्या ओळी तशाच ठेवून त्यांचा शेवट ‘ते’, म्हणजे ‘तुला’, या एकाक्षरी सर्वनामावर केला. ठोका प्रेयसीवरच पडतो. ही तडजोड नव्हे. येथे लय अर्थनिर्णय करते.

आशयाच्या पातळीवर हे गीत सुंदर असत्ये आणि उत्कट प्रेमवचने नाकारते. त्यांच्या जागी केवळ चुंबने ठेवते. शब्दांवरचा हा अविश्वास शब्दांतच व्यक्त व्हावा यातील विरोधाभास स्पष्ट आहे. त्या वर्षीच्या विजयी गीताचे शीर्षक ‘आल दी ला’, म्हणजे ‘पलीकडे’, असे होते. त्याच्याशेजारी ठेवले की चोवीस तासांत मावणाऱ्या या प्रेमाचा इहवाद अधिक उठून दिसतो.

चुंबनांच्या गणतीला कातुल्लुसपासूनची परंपरा आहे. इसवी सनापूर्वीचा तो लॅटिन कवी हजार-शंभर असे मोजतो आणि शेवटी मुद्दामच हिशेब विस्कटतो, मत्सरी लोकांना आकडा कळू नये म्हणून. गीतातला प्रियकर आकडा जाहीर करतो. तो दर सेकंदाला एक चुंबन असे म्हणतो खरा. पण दिवसाचे सेकंद ८६,४०० भरतात. हिशेब येथेही चुकतोच, फक्त अभावितपणे.

तथापि, केवळ संहितेवर निर्णय देणे अपुरे ठरेल. आद्रियानो चेलेंतानोने महोत्सवात हे गीत सादर करताना प्रेक्षकांकडे पाठ फिरवली होती. प्रेमवचनांचा नकार त्या पाठीत जेवढा आहे, तेवढा छापील ओळींत नाही.