पवनचक्कीला विरोध म्हणजे कटावर विश्वास?

पेपर वाचताना निष्कर्षाआधी एक प्रश्न विचारायचा: इथे नेमकं मोजलंय काय? ही सवय का लावून घ्यावी, ते आजच्या पेपरवरून बघू.

२०२२ साली 'नेचर एनर्जी'मध्ये केव्हिन विंटर, मॅथ्यू हॉर्न्से, लोटे पमेरर आणि काय सासेनबर्ग यांचा पेपर आला. जर्मनीतल्या लोकांना विचारलं गेलं: समजा, तुमच्या गावाजवळ पवनचक्क्या उभारायच्या की नाही यावर मतदान आहे, तर तुम्ही काय कराल? 'सगळ्यामागे कुणाचा तरी गुप्त डाव असतो' असं मानण्याची वृत्ती ज्यांच्यात जास्त, त्यांचा विरोधाकडे कलही जास्त दिसला. वय, लिंग, शिक्षण यांच्यापेक्षा हा संबंध कितीतरी पट मोठा निघाला.

पेपरचा पुढचा भाग मला जास्त आवडला. माहिती दिल्यावर पाठिंबा वाढला, अगदी संशयी लोकांमध्येसुद्धा. पण तीच माहिती दोन्ही बाजूंच्या वादाच्या रूपात मांडली, किंवा पवनचक्क्यांबद्दलच ठाम संशय आधीपासून असला, की परिणाम कमी. थोडक्यात, संशय मुरण्याआधी बोलायला हवं.

आता माझे दोन आक्षेप. पहिला सरळ आहे: मतदान काल्पनिक होतं, म्हणजे मोजला गेला तो इरादा, प्रत्यक्ष वागणं नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. ही वृत्ती मोजणाऱ्या प्रचलित प्रश्नावल्यांमध्ये 'राजकारणी निर्णयामागचं खरं कारण सांगत नाहीत' अशा आशयाची विधानं असतात. ज्याची जमीन एजंटने पूर्ण माहिती न देता घेतली, तो शेतकरी यावर 'हो' म्हणणारच. तो भ्रम म्हणायचा की अनुभव? प्रश्नावलीत दोघांनाही सारखेच गुण!

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात पवनचक्क्या ढग पळवतात अशी समजूत पसरली होती. ती चूकच आहे. शेकडो किलोमीटर पसरलेली पावसाची यंत्रणा डोंगरावरची पाती वळवू शकत नाहीत. पण त्याच माणसाची जमिनीच्या मोबदल्याबद्दलही तक्रार असेल, तर ढगांचं बोलणं चुकीचं ठरलं म्हणून ती तक्रार आपोआप खोटी ठरत नाही.

लेखकांनी प्रत्येक विरोधक कटावर विश्वास ठेवणारा असतो असं कुठेही म्हटलेलं नाही. हा उलटा अर्थ वाचणारे काढतात, आणि तो प्रकल्पवाल्यांच्या सोयीचा असतो. 'संशयी माणूस विरोध करण्याची शक्यता जास्त' यावरून 'विरोध करणारा संशयीच' हे सिद्ध होत नाही.

उद्या तुम्ही स्वतःची प्रश्नावली तयार कराल, तेव्हा त्यात एक प्रश्न वाढवा: 'या आधी तुमची खरंच फसवणूक झाली आहे का?' त्याशिवाय संशय भ्रमातून आला की अनुभवातून, हे तुमच्या आकड्यांना कळणार नाही.