महामार्गावरील वाहनगणना : पाठनिर्णयाचा एक प्रश्न

जून २०२२ मध्ये अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर घातला गेला आणि हा विक्रम गिनेसच्या दप्तरी नोंदला गेला. ही लांबी एका मार्गिकेची होय. दोन मार्गिकांच्या हिशेबाने ती ३७.५ किलोमीटर भरते. काय मोजले हे कळल्यावाचून आकडा बोलत नाही. अशा रस्त्यावरील वाहनगणनेस तर हे विशेषच लागू पडते.

संवेदक वाहन पाहत नाही. रस्त्यात पुरलेले तारेचे वेटोळे आपल्यावर धातूची वस्तू किती वेळ होती एवढेच सांगते. वाहनाचा प्रकार व बहुधा वेगही अनुमानानेच ठरतो. हे अनुमान आखीव मार्गिकांतून धावणाऱ्या मोटारींसाठी बेतलेले. कापसाच्या हंगामात वऱ्हाडात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्याला खेटून दुचाकी निघते, आणि लाकडी बैलगाडीचा ठसा क्षीणच उमटतो.

पुढे शुद्धीकरण येते. तार तुटल्यामुळे आलेली शून्ये आणि अडकलेल्या यंत्राने तासन्‌तास दिलेला एकच आकडा काढून टाकलाच पाहिजे. त्याविषयी वाद नाही. परंतु ‘अतिमंद’, ‘अतिदीर्घ’ म्हणून नोंदी गाळून तेथे शेजारची सरासरी भरणारी चाळणी बैलगाडी आणि बिघाड यांत भेद करीत नाही. पथकराच्या नोंदींशी ताळा पाहावा, तर २००८ च्या नियमांनुसार दुचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांस सामान्यतः कर नाही. त्यामुळे फास्टॅगच्या दप्तरातही त्यांचा मागमूस नाही. दोन साक्षीदारांचे मत जुळते, कारण दोघेही एकाच बाजूने आंधळे! इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोठ्या बैलगाडीचा भार ८ मोटारींइतका धरला आहे. सेवारस्ता वा भुयारी मार्ग कोठे हवा हे अशा आकड्यांवरून ठरत असता ही गळती क्षुल्लक म्हणता येत नाही.

संहिता सिद्ध करण्याचे शास्त्र वऱ्हाडास परके नाही. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राच्या पोथ्यांत स्मरणभेद ‘वासना’ म्हणून नमूद केलेले आढळतात. ते पुसलेले नाहीत. वाहनगणनेत मात्र शुद्ध तक्ता तेवढा उरतो. मूळ नोंद जशीच्या तशी राखावी, गाळलेल्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे, आणि हंगामात सलग सात दिवस रस्त्याकडेला माणसे बसवून हातमोजणी करावी. चाळणीची भोके किती मोठी हे तिच्याशी ताडूनच ठरवता येईल.