बर्फ राखणाऱ्यांचीं दोन पुस्तकें

अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांत, रॉकी पर्वताच्या कुशींत अ‍ॅस्पेन नांवाचें गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत तें रुप्याच्या खाणींवर वाढलें, १८९३ सालीं रुप्याचा भाव कोसळतांच ओस पडलें, आणि १९४६ पासून पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळावर, म्हणजे स्कीइंगवर, पुन्हां उभें राहिलें. आतां हिंवाळा आखडत चालला आहे. तेव्हां रुप्यामागोमाग बर्फहि जाणार काय, ही त्या गांवाची चिंता. तेथील स्कीइंग कंपनीचें पर्यावरण खातें पुष्कळ वर्षें सांभाळणारे ऑडन शेंडलर ह्यांनीं ह्या चिंतेंतून पंधरा वर्षांच्या अंतरानें दोन पुस्तकें लिहिलीं: ‘गेटिंग ग्रीन डन’ (२००९) आणि ‘टेरिबल ब्यूटी’ (२०२४). तीं जोडीनें वाचावीं असें आम्ही सुचवितों. कारण दुसरें पुस्तक पहिल्याच्या पायाखालची जमीन बरीच काढून घेतें.

पहिलें पुस्तक उपदेशपर असेल अशी कोणाचीहि समजूत होईल. तसें तें नाहीं. कंपनीच्याच एका हॉटेलांत मोटारी ठेवण्याच्या जागेंतील दिवे बदलून कमी विजेचे दिवे लावावयाचे, एवढ्याशा कामाची हकीकत शेंडलर सांगतात. खर्च लवकरच भरून येणार हें गणितानें सिद्ध. तरीहि पैसे सुटतां सुटत नाहींत. पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्यासाठीं ज्यानें वडील माणसांपुढें हात पसरला आहे, त्यास हें प्रकरण वाचतांना हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. लेखक स्वतःच्या पक्षासहि सोडीत नाहीं. २००६ मध्यें कंपनीनें आपण वापरतों तितक्या विजेचीं पवनऊर्जेचीं प्रमाणपत्रें विकत घेतलीं व वाहवा मिळविली. परंतु तसल्या कागदांनीं नवी पवनचक्की क्वचितच उभी राहते, ही गोष्ट पुढें शेंडलर ह्यांनींच चव्हाट्यावर मांडली. धंद्यांत राहून इतकें खरें बोलणारे लेखक थोडे.

दुसऱ्या पुस्तकांत ते ह्याहून पुढें जातात. दिवे बदलण्यांत गुंतलेली सज्जनता तेल-कोळशाच्या धंद्यास सोयीचीच आहे, कारण सज्जन मंडळी तिकडे गुंतलीं म्हणजे कायदे व सत्ता ह्यांकडे पाहावयास कोणी उरत नाहीं, असा त्यांचा मुद्दा आहे. मुद्दा आम्हांस पटतो. निवेदन मात्र पहिल्याइतकें रुचत नाहीं. तेथें एका दिव्याची गोष्ट सांगून जें साधलें, तें येथें चढ्या आवाजांतील आवाहनांनीं साधत नाहीं.

वस्तुतः त्या खोऱ्याचा इतिहास ह्या मुद्द्याला भरपूर आधार देतो. अ‍ॅस्पेनच्या धनिकांच्या बंगल्यांपुढील वाटांवर बर्फ सांचूं नये म्हणून फरसबंदीखालून ऊब देण्याची सोय केलेली असते. बर्फावर पोट भरणाऱ्या गांवांत बर्फ वितळविण्यासाठीं जळण! गांवानें व पिट्किन जिल्ह्यानें २००० सालापासून असल्या चैनीवर अट घातली: तिच्या मोबदल्यांत आपल्या जागेवर सौर किंवा तत्सम ऊर्जा निर्माण करा, नाहीं तर आकार भरा. तो पैसा इतरत्र जळण वाचविण्याच्या कामीं लागतो. २०१२ मध्यें तर स्कीइंग कंपनीनें सॉमरसेट येथील कोळशाच्या खाणवाल्यांशींच हातमिळवणी केली, आणि खाणींतून हवेंत सुटणारा मिथेन वायु पकडून त्यावर तीन मेगावॅट वीज काढण्यास आरंभ झाला. बर्फाचे रक्षक कोळशाच्या दारीं! विसंगति खरी, पण मोकळा सुटलेला मिथेन कर्बवायूहून कितीतरी अधिक ताप धरून ठेवतो, म्हणून हिशेब बरोबर आहे.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मात्र ह्याहून रुक्ष आहे. कृत्रिम बर्फ पाडावयाचें म्हटलें तरी थंडी, पाणी व वीज लागते, आणि त्या खोऱ्यांत बहुतेक ठिकाणीं वीज पुरविते ती होली क्रॉस ही सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था. तिचे संचालक सभासद निवडतात. हवामानाची काळजी वाहणारे लोक त्या मंडळावर निवडून यावेत म्हणून तेथील मंडळींनीं खटपट केली, आणि आज त्या संस्थेनें २०३० पर्यंत सर्व वीज कर्बमुक्त करण्याचें लक्ष्य ठेविलें आहे. साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या आमच्या वाचकांस अशा मतपत्रिकेंत काय बळ असतें हें सांगावयास नकोच. फक्त ती बर्फासाठीं टाकलेली पाहून कौतुक वाटेल.

आमची तक्रार आहे ती येथेंच. दोन्ही पुस्तकांत नायक बहुधा ग्रंथकारच राहतो. गांवांतलें भाडें परवडत नाहीं म्हणून खोऱ्याच्या खालच्या अंगास राहणारे, पहांटे बसनें वर येऊन पाळणे चालविणारे व खोल्या झाडणारे लोक, आणि खासगी विमानानें उतरून त्याच बर्फावर खेळणारे पाहुणे, ह्या दोघांत बर्फ राखण्याचा भार कसा वांटला जावा? हिंवाळा गेला तर पाहुणे दुसरा पर्वत शोधतील. पाळणेवाल्याचा रोजगार जाईल. मतदानास तो गेला होता काय, आणि गेला असल्यास कोणीं त्याच्या दारीं जाऊन त्यास काय सांगितलें, हें कितीहि विस्तारानें लिहिलें असतें तरी आम्हीं तें कंटाळा न करितां वाचलें असतें.