रिद्धपुरचें वेड

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें मराठी भाषा विद्यापीठ निघाल्यापासून त्या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. परंतु ज्या पुस्तकानें हें गांव मराठी गद्यांत कायमचें नोंदविलें, तें म्हाइंभटाचें गोविंदप्रभुचरित्र अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतहि क्वचितच आढळतें. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारखा साक्षेपी संपादक लाभूनहि वऱ्हाडानेंच त्याची उपेक्षा करावी, हें आपणांस शोभत नाहीं.

तेराव्या शतकांतील हे गोविंदप्रभु म्हणजे गांवाचे 'राऊळ', चक्रधरांचे गुरु व महानुभावांच्या श्रद्धेनें साक्षात् परमेश्वर. पण चरित्रांतील त्यांचें वर्तन कोणत्याहि शिष्टाचारांत बसणारें नाहीं. ते वाटेल त्या घरांत शिरतात, मुलांत मूल होऊन खेळतात, मूर्तींशीं नि दगडांशीं बोलतात, आपल्याशींच हंसतात. आणि तोच एक शिवीवजा उद्गार त्यांच्या तोंडीं पुनःपुन्हा येतो. म्हाइंभटानें यांतलें कांहींहि सोज्ज्वळ करून घेतलेलें नाहीं. गांव त्यांना उघड उघड वेडे म्हणतें, आणि त्याच तोंडानें मायबापहि म्हणतें. आमच्या मतें या पुस्तकाचा सारा मोठेपणा त्या 'आणि'मध्यें आहे.

ज्यांच्या घरीं स्वमग्न मूल वाढत आहे, त्यांस हें वर्णन वाचतांना थबकावें लागेल. म्हणून १९४३ सालीं लिओ कॅनर यांनीं वर्णिलेली अवस्था या पुरुषास चिकटवावी, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. भक्तांच्या आठवणींवरून निदान होत नसतें. ('स्वमग्न' हा शब्दहि आम्हांस पुरता पटत नाहीं. अशीं माणसें पुष्कळदां स्वतःपेक्षां पंख्याच्या फिरण्यांत वा आगगाडीच्या वेळापत्रकांतच अधिक मग्न असतात.) पाहावयाचें आहे तें त्यांच्या भोंवतालच्या माणसांकडे.

तुलनेसाठीं स्कॉटलंडांतील ह्यू ब्लेअरचा खटला घ्यावा. हा जमीनदार बोलावणें नसतांहि गांवच्या प्रेतयात्रांस जाई. त्याचें लग्न रद्द व्हावें म्हणून धाकट्या भावानें १७४७ सालीं एडिंबरोच्या न्यायालयांत दावा लावला; साक्षीदारांनीं शपथेवर त्याच्या एकेका लकबीचा पाढा वाचला, आणि लग्न रद्द झालें. या साक्षींच्या आधारें रॅब ह्यूस्टन व उटा फ्रिथ यांनीं २००० सालीं तो स्वमग्न होता असें प्रतिपादन केलें.

रिद्धपुरांतहि लग्नाचाच प्रसंग आहे. राऊळांना लग्नाची लहर आली. शिष्यांनीं ती मोडून न काढतां तयारी केली, आणि महदाइसेनें धवळे गायिले. मराठीच्या आद्य कवयित्रीचें काव्य एका 'वेड्या'च्या हट्टांतून जन्मलें, हें वाङ्मयेतिहासकार सांगतात खरें, पण तेथें क्षणभरहि थांबत नाहींत. एडिंबरोंत लकबी मोजल्या त्या हक्क काढून घेण्यासाठीं. म्हाइंभटानें त्या जपून ठेवल्या.

तरीहि भक्तांस हें सोपें गेलें, कारण त्यांच्या लेखीं ती लीळा होती. देवत्वाची ही सवलत आजच्या मुलास नाहीं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें स्वमग्नतेची गणना केली आहे. पण पंगतींत कानांवर हात घेऊन बसलेल्या पोरास पाहून 'याला वळणच नाहीं' म्हणणारे काका तो कायदा वाचीत नाहींत. त्या पोरास अवतार न मानतां पंगतींत जागा द्यावयाची आहे, आणि तें रिद्धपुरकरांच्या कामाहून कठीण आहे.

खुद्द पुस्तकांतहि एक मोठी उणीव आहे. म्हाइंभट राऊळांना सदैव बाहेरूनच पाहतो. राऊळ हंसले, रागावले, निघून गेले, एवढें तो लिहितो. भोंवतालची गर्दी त्यांस सोसत होती काय, हें विचारण्याचें त्यास सुचत नाहीं. देवास कोण विचारणार? अमेरिकेंतील टेंपल ग्रँडिन यांनीं १९८६ सालीं आपल्या स्वमग्न आयुष्याची हकीकत स्वतःच सांगितली, तेव्हां बाहेरून चमत्कारिक दिसणाऱ्या वागण्याच्या आंत काय चालतें तें कळलें. आईबापांनीं हीं दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावींत, आधीं म्हाइंभटाचें.